हुए नगरीचे एकदिवसीय दर्शन : एक चिकित्सा

एखाद्या ऐतिहासिक नगरीचे मार्गदर्शकासह एका दिवसात घडविले जाणारे दर्शन हे एक प्रकारचे भाष्यच असते. मूळ सुत्तातील कोणत्या पदावर थांबावयाचे, कोणते पद ओझरते सोडावयाचे आणि कोठे एखादी कथा जोडून द्यावयाची, हे ज्याप्रमाणे अट्ठकथाकार ठरवितो, त्याप्रमाणे नगरीतील कोणत्या वास्तूपाशी दोन तास द्यावयाचे व कोणत्या वास्तूवरून गाडी न थांबविता न्यावयाची, हे कार्यक्रम आखणारा ठरवितो. अट्ठकथेची चिकित्सा आपण करतो, तशी या भाष्याचीही करावयास हवी. अलीकडे भारतातून व्हिएतनामला जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे व त्यांत आपल्या धम्मबांधवांचाही समावेश आहे. म्हणून मध्य व्हिएतनाममधील हुए या नगरीच्या एकदिवसीय फेरीचा येथे विचार केला आहे.

या फेरीचा साचा बहुधा ठरलेला आहे. पर्यटक दा नांगहून सुमारे १०० किलोमीटरचा प्रवास करून येतात. सकाळी राजदुर्ग व राजवाडा, त्यानंतर हुओंग नदीच्या, म्हणजे सुगंध नदीच्या, काठचा थिएन मू विहार, दुपारी भोजन, मग एक-दोन सम्राटांच्या समाध्या, परतताना डोंग बा बाजार किंवा उदबत्त्यांचे गाव. आम्ही घेतलेल्या फेरीत थिएन मूला पाऊण तास होता आणि राजवाड्याला अडीच तास. आमची मार्गदर्शिका अभ्यासू होती, सौजन्यशील होती आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देण्याची तिची तयारी होती. दोष तिचा नव्हे. तिच्या हाती जे भाष्य दिले होते, त्याचा आहे.

राजांविषयी फार विस्तार करण्याचे कारण नाही. सम्राट झा लाँग याने १८०२ मध्ये न्गुयेन घराण्याची सत्ता स्थापन केली आणि हुए ही राजधानी केली. सुमारे १० किलोमीटर परिघाचा दुर्ग त्याचा वारस मिन मांग याच्या काळात, १८३२ मध्ये, पूर्ण झाला. शेवटचा सम्राट बाओ दाई याने ३० ऑगस्ट १९४५ रोजी न्गो मोन या महाद्वारावर सिंहासनत्याग केला. १९४७ च्या लढाईत आणि पुन्हा १९६८ च्या तेत आक्रमणात अंतःपुराचा बहुतांश भाग नष्ट झाला. १९९३ मध्ये युनेस्कोने येथील वास्तुसमूह जागतिक वारशाच्या यादीत घेतला आणि तेव्हापासून जीर्णोद्धार चालू आहे. थाय होआ हे दरबारगृह व किएन त्रुंग हा प्रासाद २०२४ मध्ये पुन्हा खुले झाले. काम नेटके आहे, लाखेचा रंग व सोन्याचा मुलामा डोळ्यांत भरतो. हे सर्व मार्गदर्शक उत्तम सांगतात. परंतु हे घराणे वृत्तीने कन्फ्यूशियसवादी होते, त्याच्या कायदेसंहितेने नवे विहार उभारण्यावर निर्बंध घातले होते आणि बौद्ध संघाला त्याने आश्रय व नियंत्रण दोन्ही दिले, एवढे एक वाक्य जर सकाळी सांगितले, तर पुढचा सगळा दिवस वेगळ्या रीतीने उलगडला असता. ते वाक्य सांगितले जात नाही. परिणामी राजवाड्यातून निघून थिएन मूच्या पायऱ्या चढणाऱ्याला विहार म्हणजे राजवाड्याचाच एक दूरचा कक्ष वाटू लागतो.

थिएन मू म्हणजे स्वर्गीय स्त्री. टेकडीवर एक वृद्धा प्रकटली, एक अधिपती येथे येऊन विहार बांधील असे तिने भाकीत केले आणि १६०१ मध्ये न्गुयेन होआंग या सरदाराने ते खरे केले, अशी कथा सांगण्यात येते. कथा गोड आहे, पण ती कोणाच्या उपयोगाची आहे हे विचारावयास हवे. उत्तरेकडील सत्तेपासून अलग होऊ पाहणाऱ्या एका सरदाराला दक्षिणेच्या भूमीवर हक्क सांगावयाचा होता आणि भूमीच्याच मुखाने तो हक्क वदविला गेला. वस्तुतः सोळाव्या शतकाच्या मध्यास रचलेल्या 'ओ चाउ कान लुक' या भूवर्णनात या विहाराचा निर्देश आहे. म्हणजे न्गुयेन होआंग येण्यापूर्वीच तेथे विहार होता. त्याही आधी ही भूमी चाम लोकांची होती. त्रान घराण्याची राजकन्या हुएन त्रान हिचा विवाह १३०६ मध्ये चंपाच्या राजाशी लावून देण्यात आला आणि त्या बदल्यात हा प्रदेश व्हिएतनामी सत्तेकडे आला. तिचा पिता त्रान न्हान तोंग तेव्हा राज्यत्याग करून भिक्खू झालेला होता व त्रुक लाम या ध्यानसंप्रदायाचा प्रवर्तक म्हणून आजही वंद्य आहे. कन्येच्या मोबदल्यात दोन प्रांत घेणारा सौदा त्याने जुळविला, हेही त्याच्या चरित्रातच येते. असा प्रसंग आला की आपले लेखक सहसा डोळे मिटून घेतात.

विहाराच्या अग्रभागी फुओक दुएन हा सात मजली अष्टकोनी मनोरा आहे. सम्राट थिएउ त्री याने तो १८४४ मध्ये उभारला. उंची सुमारे २१ मीटर. मार्गदर्शक उंची सांगतात, साल सांगतात, छायाचित्रासाठी योग्य जागा दाखवितात. सात मजलेच का, हे सांगत नाहीत. हे मजले सात मानुषी बुद्धांचे आहेत. दीघनिकायातील महापदान सुत्ताचा ज्यांनी अभ्यास केला आहे, त्यांना विपस्सी, सिखी, वेस्सभू, ककुसंध, कोणागमन, कस्सप आणि गोतम ही नामावली परिचित आहे. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्याच्या द्वारपट्टीवर हेच सात बुद्ध भावी मैत्रेयासह रंगविलेले आहेत. अजिंठ्याचा चित्रकार आणि हुएचा गवंडी यांच्यामध्ये सुमारे तेराशे वर्षांचे अंतर आहे, भाषा वेगळ्या आहेत, निकाय वेगळे आहेत. तरीही दोघांना एकच नामावली ठाऊक आहे. महाराष्ट्रातून गेलेल्या उपासकाला या मनोऱ्याखाली एवढे एक वाक्य ऐकावयास मिळाले, तर परक्या देशात आल्याची त्याची भावना तत्क्षणी ओसरेल. शेजारी १७१० मध्ये ओतलेली महाघंटा आणि १७१५ मधील कासवाच्या पाठीवरील शिलालेख आहे. दोन्ही न्गुयेन फुक चू या अधिपतीच्या काळचे. त्याने चीनमधून आलेल्या एका ध्यानाचार्याकडून शीलग्रहण केले होते. बौद्ध राज्यकर्ता म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबावयास हरकत नव्हती.

आता त्या मोटारीविषयी. मनोऱ्यामागच्या आवारात एक जुनी निळी ऑस्टिन गाडी ठेवलेली आहे. याच गाडीतून भदन्त थिक क्वांग दुक ११ जून १९६३ रोजी सायगावच्या एका चौकात आले आणि तेथे त्यांनी अग्निप्रवेश केला. माल्कम ब्राऊन या वार्ताहराने टिपलेले छायाचित्र जगभर गेले. गाडीभोवती गर्दी असते, तिच्यापाठीमागे त्या छायाचित्राची प्रत लावलेली असते आणि मार्गदर्शकाचा स्वर येथे आपोआप खाली येतो. तथापि सांगितले जाते ते एवढेच, की बौद्धांच्या छळाविरुद्ध हा निषेध होता. छळ म्हणजे नेमके काय, हे कळत नाही. भिक्खू सायगावमधील विहारातून निघाले होते, थिएन मूमधून नव्हे, हेही अनेकांच्या ध्यानात येत नाही. आणि सर्वांत आश्चर्याची गोष्ट अशी, की ज्या घटनेमुळे हे सारे घडले ती घटना याच हुए नगरीत, पर्यटकांची गाडी दिवसातून दोनदा ज्या रस्त्याने जाते त्या रस्त्यावर घडली, हे कोणीच दाखवीत नाही.

ती घटना अशी. १९६३ च्या मे महिन्यात न्गो दिन्ह दिएम यांची राजवट दक्षिण व्हिएतनाममध्ये होती. त्यांचे ज्येष्ठ बंधू न्गो दिन्ह थुक हे हुएचे कॅथलिक आर्चबिशप होते. त्यांच्या बिशपपदाच्या रौप्यमहोत्सवासाठी नगरात व्हॅटिकनचे ध्वज लागले. त्यानंतर काही दिवसांतच बुद्धजयंती आली आणि धार्मिक ध्वज सार्वजनिक जागी लावू नयेत असा आदेश नेमका त्याच वेळी अमलात आणला गेला. ८ मे रोजी लोक तू दाम विहारात जमले. तेथे भदन्त थिक त्री क्वांग यांनी भाषण केले. संध्याकाळी रेडिओ केंद्रापाशी त्या भाषणाचे प्रक्षेपण व्हावे म्हणून जमाव उभा राहिला. सैन्य आले, स्फोट झाले, गोळ्या सुटल्या. आठ-नऊ माणसे ठार झाली, त्यांत लहान मुलेही होती. सरकारने दोष साम्यवाद्यांवर ढकलला.

ज्या ध्वजासाठी हे घडले तो ध्वज आपल्या वाचकांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी, असा जो ध्वज १४ ऑक्टोबरला व वैशाख पौर्णिमेला आपल्या वस्त्यांवर फडकतो, तोच हा. १८८५ मध्ये कोलंबो येथे तो प्रथम सिद्ध झाला आणि १९५० नंतरच्या काळात जागतिक बौद्ध भ्रातृसंघाने तो सर्व बौद्धांचा ध्वज म्हणून मान्य केला. १९५० मध्ये श्रीलंकेत ज्या परिषदेत हा भ्रातृसंघ स्थापन झाला, तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते. तेव्हा हुएच्या रेडिओ केंद्रापाशी जे पडले, ते आपल्याच ध्वजासाठी पडले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. परंतु केवळ ध्वजासाठी पडले असे म्हणणे मात्र अपुरे ठरेल. बौद्धांनी मांडलेल्या मागण्या पाच होत्या. ध्वजबंदी उठवावी, कॅथलिकांना कायद्याने जो दर्जा आहे तोच बौद्धांना द्यावा, अटकसत्र थांबवावे, धर्माचरणाचे व प्रसाराचे स्वातंत्र्य मिळावे आणि मृतांच्या कुटुंबांना भरपाई देऊन दोषींना शासन करावे. यांतील दुसरी मागणी गाभ्याची आहे. १९५० च्या दहाव्या अध्यादेशानुसार बौद्ध विहार ही एखाद्या क्रीडामंडळासारखी सामान्य संस्था गणली जाई आणि तिच्यावर तसेच निर्बंध असत. कॅथलिक चर्च मात्र त्या अध्यादेशातून वगळलेले होते. मागणी समतेची होती, विशेषाधिकाराची नव्हती. सामान्य कॅथलिक शेजाऱ्याविरुद्ध तर ती मुळीच नव्हती. चवदार तळ्याचे पाणी पिण्यामागे १९२७ मध्ये जी भूमिका होती, तिच्याशी हिचे नाते ज्याला दिसत नाही, त्याने ती गाडी पाहिली काय आणि न पाहिली काय.

येथे विनयाच्या अभ्यासकाला एक प्रश्न टाळता येत नाही. भिक्खूने स्वतःचा देह असा नष्ट करावा काय? आपल्या नियतकालिकांतून ते छायाचित्र अधूनमधून 'धम्मासाठी बलिदान' अशा शीर्षकाने छापले जाते आणि प्रश्न तेथेच संपतो. पालि परंपरेत तो संपत नाही. तिसरा पाराजिक मनुष्यवधासंबंधी आहे. वेसालीच्या भिक्खूंनी अशुभभावनेने देहाचा वीट येऊन मृत्यू पत्करला व इतरांकडून करविला, या प्रसंगातून तो नियम निर्माण झाला. स्वतःला कड्यावरून लोटून देणाऱ्या भिक्खूस पाराजिक नव्हे, पण दुक्कट ही आपत्ती सांगितली आहे. छन्न, वक्कलि आणि गोधिक यांच्या कथा अपवाद म्हणून दाखविल्या जातात. परंतु छन्न व वक्कलि असाध्य व्याधीने ग्रासलेले होते, गोधिकाची साधनाच पुनःपुन्हा ढळत होती, आणि या तिघांच्या कृत्यामागे कोणतीही सामाजिक मागणी नव्हती. अग्निसमर्पणाचा आदर्श आहे तो सद्धर्मपुंडरीकातील भैषज्यराजाच्या कथेत. चीन व व्हिएतनाममधील महायानी भिक्खूंनी तो शतकानुशतके श्रद्धेने जपला. भदन्त क्वांग दुक त्या परंपरेतील होते व त्यांचे कृत्य त्या परंपरेच्या भाषेतच वाचले पाहिजे. थिक न्यात हान यांनी १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांना लिहिलेल्या पत्रात हे आत्महत्या नव्हे असे प्रतिपादन केले, तेही याच भूमिकेवरून.

माझे मत स्पष्ट लिहितो. पालि विनयाच्या आधारे या कृत्याला आदर्श म्हणता येणार नाही आणि आपल्या तरुणांपुढे ते अनुकरणीय म्हणून ठेवू नये. जगून लढणारा माणूसच चळवळीला हवा असतो. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात सनदशीर मार्ग खुले असताना इतर मार्ग त्याज्य मानले, आणि तसे मार्ग उरले नव्हते तेव्हाची गोष्ट वेगळी होती, हेही त्याच भाषणात नमूद केले. त्यांचा रोख सत्याग्रह व कायदेभंग यांवर होता, देहत्यागावर नव्हे. ती मोजपट्टी हुएला लावताना एवढेच म्हणता येते, की दिएम राजवटीत बौद्धांना दाद मागण्याचे मार्ग जवळजवळ बंद होते. कृत्याशी मतभेद ठेवूनही मागणीपुढे नतमस्तक होता येते. अग्निप्रवेशानंतर पाच दिवसांनी, १६ जूनला, सरकारने संयुक्त निवेदनावर सही केली. २१ ऑगस्टला त्याच सरकारने विहारांवर छापे घातले. १ नोव्हेंबरला लष्करी उठाव झाला आणि दुसऱ्या दिवशी दिएम मारले गेले.

१९६३ चा वृत्तान्त त्रोटक का होईना, पण मोकळेपणाने सांगितला जातो, कारण दिएम हे आजच्या राज्यव्यवस्थेचेही शत्रू होते. त्यानंतरच्या गोष्टी मात्र त्या आवारात उच्चारल्या जात नाहीत. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त बौद्ध संघाला १९७५ नंतरच्या राजवटीत स्थान उरले नाही. १९८१ मध्ये शासनमान्य व्हिएतनाम बौद्ध संघ अस्तित्वात आला आणि जे त्यात सामील झाले नाहीत त्यांना दडपण सोसावे लागले. १९९३ मध्ये थिएन मू विहाराशी संबंधित भिक्खूंना हुएमध्ये निदर्शनांनंतर अटक होऊन कारावासाच्या शिक्षा झाल्या. युनेस्कोच्या यादीत नगरीचे नाव आले तेही त्याच वर्षी. मार्गदर्शिकेला याविषयी पर्यटकांदेखत विचारणे मला योग्य वाटले नाही. तिला तेथेच राहावयाचे आहे. परंतु जे ती सांगू शकत नाही ते आपण वाचून जाण्यास काय हरकत आहे?

भोजनाविषयी थोडेसे. हुएचे शाकाहारी जेवण प्रसिद्ध आहे व अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास तेथील अनेक घरांत तेच शिजते. या अन्नाला 'चाय' म्हणतात. हा शब्द ज्या चिनी शब्दापासून आला, तोच चिनी ग्रंथांत उपोसथासाठी योजलेला आहे. पर्यटकाला ते खाद्यवैशिष्ट्य म्हणून वाढले जाते, उपोसथ म्हणून नव्हे. बुद्धासाठी व्हिएतनामी भाषेत 'फात' हा चिनीवाटे आलेला शब्द रूढ असला, तरी 'बुत' हा जुना शब्दही आहे आणि तो थेट भारतीय 'बुद्ध' पासून आला असे मानतात. लोककथांतील दयाळू बुत तो हाच.

दुपारच्या समाध्यांपैकी खाय दिन्ह याची समाधी १९२० ते १९३१ या काळात काँक्रीट, काच व चिनी मातीच्या तुकड्यांनी घडली. तिच्यासाठी जमीनमहसूल तीस टक्क्यांनी वाढविला गेला. कारागिरी अजोड आहे, मन मात्र प्रसन्न होत नाही. तू दुक याची समाधी (१८६४ ते १८६७) तळी, पाइन वृक्ष व कमळे यांमुळे रमणीय आहे. मार्गदर्शक त्याला कवी म्हणून रंगवितात, त्याला अपत्य नव्हते हे सांगतात, स्वतःचा मृत्युलेख त्याने स्वतःच रचला हेही सांगतात. १८६६ मध्ये याच बांधकामावर सक्तीने राबविलेल्या सैनिकांनी व मजुरांनी चुना कुटण्याची मुसळे हाती घेऊन बंड केले, त्याचा नेता दोआन त्रुंग याला मृत्युदंड झाला, त्या कटात एक भिक्खूही सामील होता आणि त्यानंतर राजाने 'दशसहस्र वर्षे' या अर्थाचे समाधीचे पूर्वीचे नाव बदलून 'विनम्र' या अर्थाचे नाव ठेवले, हा भाग बहुधा गाळला जातो. तळ्यातील कमळांची वाखाणणी ऐकताना मुसळांची आठवण ठेवणारा वाचक आपल्या परंपरेत तरी असावा.

तू दुकच्या समाधीपासून जवळच तू हिएउ विहार आहे. बहुतेक फेऱ्या तेथे जात नाहीत. थिक न्यात हान यांनी १९४२ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, येथे प्रवेश घेतला. दीर्घ निर्वासनानंतर २०१८ मध्ये ते येथेच परतले आणि २२ जानेवारी २०२२ रोजी येथेच त्यांचे निर्वाण झाले. त्यांच्यामुळे आता परदेशी साधक येतात. परंतु या विहाराची थोरवी त्याहून जुनी आहे. १८४३ मध्ये न्यात दिन्ह नावाच्या भिक्खूने वृद्ध मातेच्या सेवेसाठी येथे पर्णकुटी बांधली. पुढे राजवाड्यातील खोजांनी तिच्या विस्तारासाठी द्रव्य दिले. त्याचे कारण हृदय हेलावणारे आहे. ज्या समाजात पुत्रपौत्रांनी पितरांची पूजा करणे हेच मरणोत्तर अस्तित्व, तेथे ज्यांना पुत्र होणेच अशक्य करून टाकले होते, त्या माणसांची आठवण कोण ठेवणार? राजवाड्यात त्यांनी आयुष्य झिजविले, परंतु मेल्यावर त्यांना स्थान दिले ते विहाराने. त्यांच्या थडग्यांची रांग विहाराच्या परिसरात आजही आहे. दगड साधे आहेत. सम्राटांच्या समाध्यांवर प्रवेशमूल्य आहे, येथे झाडाची पाने पडलेली असतात.

पालिच्या विद्यार्थ्याने आणखी एक पत्ता टिपून ठेवावा. तो तुओंग वान विहाराचा. भदन्त थिक मिन्ह चाउ (१९१८-२०१२) यांची १९४६ मध्ये येथे प्रव्रज्या झाली. भिक्खू जगदीश काश्यप यांनी उभारलेल्या नव नालंदा महाविहारात त्यांनी अध्ययन केले आणि १९६१ मध्ये मज्झिमनिकाय व चिनी मध्यम-आगम यांच्या तुलनेवर डॉक्टरेट मिळविली. एकीकडे १५२ सुत्ते, दुसरीकडे २२२ सूत्रे, आणि दोहोंत समान असलेल्या ९८ ची त्यांनी केलेली छाननी आजही वापरात आहे. पुढे चारही प्रमुख निकायांचे त्यांनी व्हिएतनामी भाषांतर केले. महायानी देशातील भिक्खू बिहारमध्ये येतो, पालि शिकतो आणि मायदेशी जाऊन सामान्य माणसाच्या हाती बुद्धवचन देतो. मराठीतील आपली निकायांची भाषांतरे अजून कोठे आहेत, हा प्रश्न अशा वेळी मनात आल्यावाचून राहत नाही.

जाणाऱ्यांसाठी व्यावहारिक सूचना एवढीच, की समूहाने जात असाल तर कार्यक्रम बदलून मागता येतो. राजवाड्याचा एक तास कमी करावा, दोनपैकी एक समाधी सोडावी, आणि तू दाम व तू हिएउ हे विहार घ्यावेत. थिएन मूला सकाळी लवकर जावे, तेव्हा भिक्खूंचा पाठ ऐकावयास मिळण्याची शक्यता असते. त्रुओंग तिएन पुलाच्या दक्षिण टोकाशी, जुन्या रेडिओ केंद्राजवळ, ८ मेच्या मृतांचे स्मारक आहे. गाडी तेथून जातेच. चालकाला दहा मिनिटे थांबावयास सांगावे.